डॉ. कमल रणदिवे

कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ) यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांनी डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी मात्र जीवशास्त्र निवडले. १९४३ साली सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहून त्या एम.एस्सी. झाल्या. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. अमेरिकेतून परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर वाढविलेल्या पेशींतून रोगाचा माग काढणे त्यामुळे शक्य झाले. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले. डॉक्टर न होताही त्यांचे आयुष्य रुग्णांच्या कामी आले.