पृष्ठभागाचे गणित मांडणारे लँगम्युर

१९०९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील होबोकेनच्या स्टीव्हन्स संस्थेतला एक तरुण अध्यापक सुटीतले काम म्हणून स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत आला आणि तेथेच रमला. आयर्व्हिंग लँगम्युर यांचा जन्म १८८१ चा, ब्रुकलिनचा. जर्मनीतील गॉटिंगेन येथे नर्न्स्ट यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती.

कंपनीला चिंता होती ती काळवंडणाऱ्या दिव्यांची. बल्बमधली हवा आणखी काढून टाका, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय. लँगम्युर यांनी उलट वाट धरली. तारेचे टंगस्टन उष्णतेने उडून काचेवर बसते हे त्यांनी दाखवून दिले आणि १९१३ मध्ये बल्बमध्ये वायू भरला. कंपनीचे उखळ पांढरे झाले, हे सांगणे नलगे.

त्यांचे खरे कुतूहल मात्र वेगळेच होते. बल्बमध्ये अगदी थोडा हायड्रोजन सोडून तार तापवली की तो वायू हळूहळू नाहीसा होई. जात होता कुठे? तप्त तारेवर हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू होत आणि ते गार काचेला चिकटून बसत! या निरीक्षणातून पृष्ठभागाचे एक चित्र त्यांच्या मनात साकारले. स्फटिकाचा पृष्ठभाग म्हणजे बुद्धिबळाचा पट. घरे मोजकी आणि प्रत्येक घरात एकच रेणू. सगळी घरे भरली की नव्या पाहुण्याला थारा नाही. १९१६ ते १९१८ या काळात त्यांनी हे गणित मांडले. १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पृष्ठभागांवरील संशोधनासाठीच मिळाले.

उतारवयात ते मेघबीजनात गुंतले. त्यातले त्यांचे मोठमोठे दावे अनेक हवामानतज्ज्ञांना पटले नाहीत. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रकाशाने पाणी फोडण्याच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. पण १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर अतिनील प्रकाश टाकून पाण्यातून हायड्रोजन मिळवला, तेव्हा लँगम्युर यांचा पट पुन्हा कामी आला. पाण्याचे रेणू बसणार कुठे, हा प्रश्न तोच होता. त्यात विद्युत्कण कोणत्या बाजूकडे धावणार, या नव्या प्रश्नाची भर पडली. एकाच स्फटिकाच्या निरनिराळ्या पैलूंवर अणूंची मांडणी निराळी असते, त्यामुळे एक पैलू हायड्रोजनला अनुकूल, तर दुसरा ऑक्सिजनला. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या कणांवर दोन प्रकारच्या पैलूंना दोन वेगळी उत्प्रेरके लावली. अतिनील प्रकाशाच्या एका अरुंद पट्ट्यात, पडलेल्या प्रकाशकणांपैकी सुमारे ९६ टक्के पाणी फोडण्याच्या कामी आले. सूर्यप्रकाशात हा पट्टा अगदीच तुटपुंजा असल्याने दृश्य प्रकाशात काम करणाऱ्या स्फटिकांचा शोध त्यानंतरही चालू राहिला.