कुंभकोणमचे माधवराव : तीन संस्थानांचा दिवाण

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे नगर तेथील देवळांसाठी आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर दक्षिणेत गेलेल्या अनेक मराठी घराण्यांचेही हे गाव. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी असा तिहेरी संसार या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या केला. याच गावी एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात १८२८ साली माधवरावांचा जन्म झाला. पुढे राजा सर टी. माधवराव या नावाने ते सर्वपरिचित झाले. नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर.

राज्यकारभार या घरात नवा नव्हता. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते राय वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद भूषविले होते. माधवरावांचे शिक्षण मात्र नव्या पद्धतीने, मद्रासच्या सरकारी हायस्कुलात झाले. या विद्यालयाचेच पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. तेथील प्राचार्य पॉवेल यांचा या विद्यार्थ्यावर विशेष लोभ होता. गणित आणि खगोलशास्त्र हे माधवरावांचे आवडते विषय. बांबूच्या नळ्या आणि साधी भिंगे जमवून त्यांनी दुर्बीण तयार केली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४६ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि नंतर मद्रासच्या महालेखापाल कार्यालयात नोकरी धरली. हिशेबाची ही शिस्त त्यांना जन्मभर पुरली.

१८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकवीस वर्षांचे होते. आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे त्यांचे शिष्य. दोघेही पुढे गादीवर आले. सुमारे चार वर्षांच्या अध्यापनानंतर माधवराव महसूल खात्यात गेले आणि लवकरच संस्थानाच्या दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार झाले.

त्या काळी त्रावणकोरवर मोठे संकट घोंघावत होते. तिजोरी रिकामी, नोकरांचे पगार थकलेले आणि कंपनी सरकारला दरसाल आठ लाख रुपयांची खंडणी मात्र चुकत नव्हती. कारभार सुधारला नाही तर संस्थान खालसा होईल, अशी ताकीद १८५५ मध्ये डलहौसीच्या सरकारकडून आली. ही धमकी पोकळ नव्हती. त्याच वर्षी तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुरुषवारसाविना निवर्तले आणि पावणेदोनशे वर्षांची मराठी गादी संपुष्टात आली. ज्यांचे नाव माधवराव आपल्या नावापुढे लावीत, ते राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १८५७ मध्ये दिवाण कृष्णराव यांचे निधन झाले. दुसऱ्या गादीवर तीच पाळी येऊ न देण्याची जबाबदारी आता एकोणतीस वर्षांच्या माधवरावांवर आली. प्रथम हंगामी आणि पुढील वर्षी कायम, अशी त्यांची नेमणूक झाली.

पहिलीच कसोटी कठीण होती. दक्षिण त्रावणकोरमध्ये नाडर समाजाच्या स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेण्यास रूढीने मनाई होती. या प्रश्नावरून १८५८ च्या अखेरीस दंगली उसळल्या. दरबाराने सुरुवातीला रूढीचीच बाजू घेतली. मद्रास सरकारचा दबाव वाढल्यावर २६ जुलै १८५९ रोजी जाहीरनामा निघाला आणि या स्त्रियांना वरचे अंग झाकण्याची मुभा मिळाली. तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखा पेहराव करायचा नाही, या अटीवर. माधवरावांच्या चरित्रातील हे पान गौरवाचे म्हणता येणार नाही. अर्थकारणात एवढे धाडस दाखविणारा हा प्रशासक या प्रश्नावर सावधच राहिला.

अर्थकारणातील त्यांचे काम मात्र नि:संशय मोठे होते. शेतकऱ्याने पिकविलेली मिरी सरकारलाच विकावी, अशी जुनी मक्तेदारी होती. १८६० मध्ये ती उठविण्यात आली आणि तिच्या जागी निर्यातकर बसविण्यात आला. १८६३ मध्ये तंबाखूचा मक्ताही गेला. त्याच सुमारास संस्थान कर्जमुक्त झाले. १८६५ मध्ये ब्रिटिश मुलूख, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यातील व्यापार बहुतांशी जकातमुक्त करणारा करार झाला. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकीहक्क मिळाला. जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा आणि वारसांना देण्याचा अधिकार असलेला शेतकरी केरळच्या दक्षिण भागात पुढे पिढ्यान् पिढ्या दिसतो, त्याची मुळे या जाहीरनाम्यात आहेत. १८६६ मध्ये त्रिवेंद्रमला कॉलेज सुरू झाले आणि माधवरावांना ‘सर’ हा किताबही मिळाला. त्यांच्या कारभाराची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोहोचली. तेथील अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी त्यांची तुलना फ्रान्सचे अर्थमंत्री तुर्गो यांच्याशी केली.

राजा आयिल्यम तिरुनाळ हे माधवरावांचे शिष्य होते खरे, पण पुढे गुरुशिष्यांत वितुष्ट आले आणि १८७२ मध्ये माधवरावांनी दिवाणपद सोडले. तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या पुतळ्यावरून त्या भागालाच ‘स्टॅच्यू’ म्हणतात.

इंदूरला तुकोजीराव होळकरांकडे त्यांनी सुमारे दोन वर्षे दिवाणगिरी केली. १८७५ मध्ये बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि खिळखिळ्या झालेल्या त्या संस्थानाची घडी बसविण्यासाठी माधवरावांना पाचारण करण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ जमनाबाईंनी दत्तक घेतला होता. हेच सयाजीराव महाराज. त्यांच्या अज्ञानपणी राज्याची सूत्रे माधवरावांकडे होती. इजाऱ्याने महसूल वसूल करण्याची पद्धत त्यांनी बंद केली, न्यायालये उभारली, शाळा काढल्या. बडोदा कॉलेज आणि कमाटी बागही याच काळातील. राज्य हाती घेण्यापूर्वी तरुण सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. राजाने काय करावे याइतकेच काय करू नये, यावरही त्यांत भर होता. ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. १८७७ मध्ये त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला.

मराठी वाचकाच्या घराशी माधवरावांचा आणखी एक संबंध आहे. चित्रकार रवि वर्मा यांचे ते चाहते होते. लोकांची मागणी पुरी करायची तर चित्रे परदेशी पाठवून त्यांच्या रंगीत शिळाछापाच्या प्रती काढाव्यात, असे त्यांनी या चित्रकाराला पत्राने सुचविले होते. पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरच्या भिंतींवर आली. ते पाहण्यास माधवराव हयात नव्हते.

१८८२ मध्ये निवृत्त होऊन ते मद्रासला मैलापूर येथे कुटुंबात स्थिरावले. बालविवाह आणि स्त्रीशिक्षण या विषयांवर ते वृत्तपत्रांतून टोपणनावाने लिहीत. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. पुढे मतभेद झाल्याने ते दूर झाले. १८९० च्या डिसेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पत्नी यमुनाबाई आणि मुलेबाळे यांचा संसार त्यांनी त्रिवेंद्रम, इंदूर, बडोदा आणि मद्रास अशा चार गावी मांडला. घराण्याचा वारसा त्यांच्यानंतरही खंडित झाला नाही. चुलत बंधू रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून नावारूपाला आले. पुत्र आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या आधी त्या पदावर असलेले व्ही. पी. माधवराव हेही कुंभकोणमचेच आणि मराठीच. त्यांनीही त्रावणकोर आणि बडोद्याची दिवाणगिरी केल्याने दोघा माधवरावांची आजही गल्लत होते. आनंदरावांनी म्हैसूरची सूत्रे खाली ठेवली, ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या हाती.