संगमावरचे एल्फिन्स्टनसाहेब

मुंबईत एल्फिन्स्टन हे नाव दोघांचे आहे. ज्यांच्या नावाने पूर्वी रेल्वेचे स्थानक ओळखले जाई, ते लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. आणि ज्यांच्या गौरवार्थ एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले, ते त्यांचे चुलते माउंटस्टुअर्ट. पेशवाई बुडवणारे म्हणून मराठी मनाने ज्यांचा राग करावा, आणि मराठी शाळेच्या इतिहासातून मात्र ज्यांना वगळता येऊ नये, असे हे दुसरे एल्फिन्स्टन.

६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. ते चौथे पुत्र. किताब थोरल्याकडे जायचा. धाकट्यांनी आपले नशीब स्वतः काढायचे, अशी तिकडची रीत. सोळाव्या वर्षी ते कंपनीच्या चाकरीत कलकत्त्यास आले. १८०३ साली असईच्या रणात ते आर्थर वेलस्लींच्या सोबत होते. पुढे नागपूरची वकिली, मग शाह शुजाच्या भेटीसाठी पेशावर, आणि १८११ मध्ये पुण्याची रेसिडेन्सी.

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर त्यांचा बंगला होता. तेथे त्यांचा ग्रंथसंग्रह होता. ग्रीक आणि फारसी ग्रंथांची त्यांना विलक्षण गोडी. पण दरबाराशी संबंध बिघडत चालले होते. १८१५ मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि त्रिंबकजी डेंगळ्यांना स्वाधीन करण्यासाठी एल्फिन्स्टन यांनी बाजीरावांवर दडपण आणले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस तोफा धडाडल्या. त्या दिवशी संगमावरचा बंगला ग्रंथांसह आगीत भस्मसात झाला. बाराव्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

जिंकलेल्या मुलखाची घडी त्यांनीच बसवली. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांना गादी दिली. पाटील, कुलकर्णी, पंचायत ही गावगाड्याची जुनी व्यवस्था शक्य तेवढी राखली. हे सौजन्य सरसकट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. युरोपियनांच्या हत्येचा कट उघडकीस येताच त्यांनी म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले.

१८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. देशी भाषांत शाळा आणि छापील पाठ्यपुस्तके निघावीत, म्हणून त्यांनी सरकारी तिजोरी व लेखणी दोन्ही झिजवल्या. ब्रिग्ज नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने एक आठवण नोंदवून ठेवली आहे. एल्फिन्स्टन यांच्या तंबूत एका कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांची चळत दिसली. ही कशासाठी, असे विचारता साहेबांनी सांगितले, की इथल्या लोकांना शिकवण्यासाठी. आणि आपल्याला मायदेशी परत नेणारा राजमार्गही हाच. परिणाम ठाऊक असताना त्यांनी ते काम थांबवले नाही, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांत विरळाच.

ते निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावे शिक्षणासाठी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. त्यांनी लग्न केले नाही. गव्हर्नर जनरलचे पद दोनदा नाकारले, आणि इंग्लंडात ग्रंथांच्या सहवासात राहून १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला.

२० नोव्हेंबर १८५९ रोजी सरे परगण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेला एक मुलगा होता. त्याचे नाव महादेव गोविंद रानडे.