विजेचे गणित सोपे करणारे स्टाइनमेट्झ

अकरावीत संमिश्र संख्या आल्या की विद्यार्थी हमखास विचारतात, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आम्ही या वेळी चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ यांचे चरित्र देत आहोत.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. जन्मापासून पाठीला कुबड. वडिलांना आणि आजोबांनाही ते होते. उंची जेमतेम चार फूट. गणितात मात्र तल्लख. डॉक्टरेट हातातोंडाशी आली असताना १८८८ मध्ये समाजवादी विचारांमुळे अटकेची भीती निर्माण झाली आणि त्यांना देश सोडावा लागला.

१८८९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. कुबड, रिकामा खिसा आणि इंग्रजीची अडचण पाहून अधिकारी त्यांना परत पाठवायला निघाले होते. सोबतच्या मित्राने हमी घेतली म्हणून प्रवेश मिळाला. ज्यांचे पणजोबा परमुलखात, परक्या भाषेत उभे राहिले, त्या आपल्या घरांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते. अशा प्रवाहाला एक आकडा पुरत नाही. प्रवाह किती, आणि तो व्होल्टेजच्या किती मागे किंवा पुढे, अशा दोन गोष्टी लागतात. त्यासाठी अभियंत्यांना कलनशास्त्राची लांबलचक समीकरणे सोडवावी लागत. १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी दाखवले की दोन्ही गोष्टी एकाच संमिश्र संख्येत मावतात. लांबी म्हणजे किती, कोन म्हणजे किती मागे-पुढे. हेच ध्रुवीय रूप.

मुलांनी करून पाहावे. तारेचा रोध ३ ओहम आणि कॉइलमुळे येणारा अडथळा ४ ओहम आहे. कॅल्क्युलेटरवर 'पोल' निवडून ३ आणि ४ भरा. ५ आणि ५३.१३ अंश मिळतील. संमिश्र मोडमध्ये हीच संख्या थेट ५ ∠ ५३.१३ अशी भरता येते. भागाकारात लांबीला लांबीने भागायचे आणि कोनातून कोन वजा करायचा. २३० व्होल्टला भागले की ४६ अँपिअर, आणि प्रवाह ५३.१३ अंश मागे. कोन ०.९२७ दिसला तर घाबरू नये. यंत्र रेडियनवर आहे, कोन तोच आहे.

त्या काळी ही रीत फार थोड्या अभियंत्यांना समजली. स्टाइनमेट्झ यांनी ऐकणाऱ्यांना दोष दिला नाही, पाठ्यपुस्तके लिहिली. जनरल इलेक्ट्रिकमधील नोकरी सांभाळून १९०२ पासून ते स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात शिकवू लागले. अर्धवट राहिलेल्या डॉक्टरेटच्या जागी १९०३ मध्ये याच कॉलेजने त्यांना ती पदवी दिली.

विश्वस्तांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुढे ते त्या शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष झाले. परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी खास वर्ग, शाळेत परिचारिका आणि मोफत पुस्तके, या गोष्टी त्यांनी मंडळाकडून करवून घेतल्या. आम्हाला त्यांचे हे काम विजेच्या गणिताइतकेच मोठे वाटते.

कुबड पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्यांनी लग्न केले नाही. आपल्या तरुण सहायकाला त्यांनी मुलगा मानले आणि त्याच्या कुटुंबाला घरी राहायला आणले. त्याच्या तीन मुलांचे आजोबा होऊन ते त्या घरात राहिले. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.