पत्रांच्या शोधात: इतिहासाचार्य राजवाडे

इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी ‘पानिपत’ हा शब्द संगणकावर टाकला की शेकडो पाने उघडतात. त्यातली बरीचशी एकमेकांवरून उतरवलेली असतात. मूळ कागद कोणता, ते कळत नाही. हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना पडला होता. त्यांच्यासमोर होते ग्रँट डफचे पुस्तक आणि मागाहून लिहिलेल्या बखरी.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढचे सारे आयुष्य कागद शोधण्यात गेले. स्वयंपाकाची भांडी बरोबर घेऊन ते गावोगाव हिंडत, बरेचदा पायीच. (आम्हाला रूट मार्चनंतर मेसमध्ये जेवण तयार असते!) जुन्या वाड्यांत मोडी कागदांची दप्तरे पडून असत. काहींना वाळवी लागलेली, काही वाण्याकडे रद्दीत गेलेली. कागद दाखवले तर वतन जाईल, ही मालकांना भीती. राजवाडे स्वभावाने तापट; अशा लोकांची समजूत काढणे त्यांना किती जड गेले असेल!

वाईला एका घरात त्यांना पेशवाईतली पत्रे मिळाली. १७५० ते १७६१ या काळातली ही पत्रे त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात छापली. कॅडेटने वाचावा असाच हा खंड आहे. सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैसा मागतात, रसद मागतात, शत्रूची रसद तोडायला सांगतात. बखरीत शौर्य भरपूर असते, पण पत्रात तारीख असते आणि धान्याची चिंताही असते. १४ जानेवारी १७६१ च्या आधीच फौजेची कोंडी कशी होत गेली, ते इथे दिसते.

असे २२ खंड त्यांनी काढले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात ते पुढे होते. नंतर मतभेद झाले आणि ते धुळ्याला गेले. त्यांची कित्येक मते पुढच्या अभ्यासकांना पटली नाहीत. पत्रे मात्र आजही उघडावीच लागतात, आणि मला तेच मोठे वाटते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते वारले. त्यांचा संग्रह जपण्यासाठी तिथे १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे मंडळ निघाले. पहिला खंड आता इंटरनेटवर स्कॅन केलेला मिळतो. फक्त शोधताना ‘पानिपत’ न टाकता ग्रंथमालेचे नाव टाकावे लागते.