दारू सुटली, राग उरला

बिल विल्सनचे चरित्र सांगणारे बहुधा त्याच्या दारूतच रमतात. १८९५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जन्म, आईवडिलांची फारकत, आजोळचे बालपण, वॉल स्ट्रीटवरची कमाई आणि तिची झालेली धूळधाण. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात त्याची दारू सुटली, ती कायमची. मला कुतूहल आहे ते त्यानंतरचे.

दुसऱ्याच वर्षी ॲक्रनच्या डॉ. बॉब स्मिथबरोबर त्याने ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा पाया घातला. १९३९च्या पुस्तकात त्याने मनात धरून ठेवलेल्या रागाला व्यसनी माणसाचा सर्वांत मोठा वैरी ठरवले. उपाय मात्र हिशेबनिसाचा. शेअरबाजारातला माणूस ना! कागदावर रकाने पाडायचे. राग कोणावर, कशावरून, त्याने माझे काय दुखावले: मान, पैसा की नाते? मग त्यात आपली चूक कुठे, तेही लिहायचे. या शेवटच्या रकान्यातच सारी मेख आहे, असे मला वाटते.

रकान्यांनी सगळेच सुटले नाही. पुढे कित्येक वर्षे तो नैराश्याने ग्रासलेला होता. आणि घरात लोइस होती. वर्षानुवर्षे तिने त्याला सांभाळले, आणि दारू सोडवली ती परक्यांनी! एकदा सभेला निघताना त्याने घाई केली, तेव्हा तिने बूटच भिरकावला. त्या रागाचा शोध तिने स्वतःच घेतला. १९५१ मध्ये व्यसनींच्या नातेवाइकांसाठी ‘अल-ॲनॉन’ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ती होती. बिल १९७१ मध्ये गेला, लोइस १९८८ मध्ये.