जॉन टिंडल : पाण्याच्या धारेतून फायबरपर्यंत

सबमिशनच्या आदल्या रात्री नेट गेलं की अख्ख्या हॉस्टेलमध्ये एकच बोंब उठते. मग कुणीतरी उत्साही वीर स्विचकडे धाव घेतो आणि ती पिवळी बारीक केबल ओढून बघतो. ती केबल ज्या तत्त्वावर चालते ते हजारो लोकांना समजावून सांगणाऱ्या माणसाची ही ओळख. त्याच्या आयुष्यात फायबर कुठेच नव्हतं, पण फायबर हाताळायचे जवळजवळ सगळे धडे मात्र आहेत!

जॉन टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधल्या लेघलिनब्रिज या गावी झाला. वडील पोलीस कॉन्स्टेबल, घरची परिस्थिती बेताची. शाळा संपल्यावर १८३९ मध्ये ते सरकारी सर्व्हे खात्यात नोकरीला लागले. तिथे आयरिश कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध आवाज उठवला आणि १८४३ मध्ये नोकरी गेली. मग रेल्वेच्या सर्व्हेची कामं केली, शाळेत शिकवलं, आणि साठवलेल्या पैशांवर १८४८ मध्ये थेट जर्मनीतलं मारबुर्ग विद्यापीठ गाठलं. बुन्सेन बर्नरवाले बुन्सेन तिथे त्यांचे गुरू होते. १८५० मध्ये डॉक्टरेट आणि १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापकपद. सहकारी कोण, तर साक्षात मायकेल फॅरडे!

१८५४ मध्ये टिंडल यांनी तिथे एक प्रयोग दाखवला. टाकीच्या भोकातून पाण्याची धार वाकून खाली पडते आणि आत सोडलेला प्रकाशही धारेबरोबर वाकतो. खरं तर जिनिव्हाच्या कोलादों यांनी हे १८४१ मध्येच दाखवलं होतं, पण श्रेय बरीच वर्षं टिंडल यांच्याच नावावर राहिलं. प्रकाश पाण्यातून हवेत जाताना ठराविक कोनापेक्षा तिरका आला तर बाहेर न पडता आतच परततो. फायबरमध्ये पाण्याच्या जागी काचेचा गाभा आणि हवेच्या जागी काचेचंच आवरण असतं, एवढाच फरक. म्हणूनच केबल कोपऱ्यात करकचून मुडपली की तो कोन बिघडतो आणि प्रकाश गळतो. केबल मोठ्या वळणाने न्यायची, आणि काढताना वायर न ओढता कनेक्टर धरूनच काढायची.

टिंडल यांचं मोठं काम मात्र न दिसणाऱ्या किरणांवर होतं. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेड किरण शोषतात हे त्यांनी १८५९ पासून मोजून दाखवलं. १८६० च्या दशकात तर त्यांनी कमालच केली. दिव्याचा दिसणारा प्रकाश आयोडीनच्या द्रावणाने अडवला आणि उरलेले अदृश्य किरण जिथे एकवटतात तिथे चक्क स्वतःचा डोळा नेला! त्यांना काहीच दिसलं नाही. त्याच जागी धरलेला प्लॅटिनमचा पत्रा मात्र तापून लाल झाला. दैव बलवत्तर म्हणून डोळा वाचला. आपण हे धाडस अजिबात करू नये. सिंगल मोड फायबरमध्ये १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा लेझर असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. 'लाइट येतोय का बघू' म्हणून केबलच्या टोकात किंवा पोर्टमध्ये डोकावणं म्हणजे डोळ्याशी जुगार. आधी पोर्ट बंद करा, आणि प्रकाश पॉवर मीटरने तपासा.

तिसरा धडा धुळीचा. स्वच्छ वाटणाऱ्या हवेत किती धूळ असते हे टिंडल यांनी प्रकाशाच्या झोताने दाखवलं. बाजूने चमकणाऱ्या त्या कणांना आपण 'टिंडल परिणाम' म्हणून ओळखतो. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यामुळे एक कणसुद्धा त्याची वाट अडवू शकतो. म्हणून कनेक्टरचं टोपण शेवटच्या क्षणी काढायचं, टोकाला बोट लावायचं नाही, आणि जोडण्याआधी धागे न सुटणाऱ्या खास कापडाने पुसायचं. शर्टाच्या टोकाने नाही! केबल तुटली असेल तर काचेचे तुकडे टेपने उचलून झाकणाच्या डब्यात टाका. ते बोटात घुसले तर दिसतही नाहीत.

शेवटची गोष्ट चटका लावणारी आहे. म्हातारपणी टिंडल यांना निद्रानाश जडला होता. झोपेसाठी क्लोरल आणि पोटासाठी मॅग्नेशिया अशी दोन औषधं चालू होती. ४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नी लुइझा यांच्याकडून मॅग्नेशियाऐवजी क्लोरलचा मोठा डोस दिला गेला आणि त्याच दिवशी ते गेले. पुढे जवळजवळ ४७ वर्षं त्या माउलीने त्यांच्या चरित्रासाठी कागदपत्रं जमवली. १९४० मध्ये त्या वारल्या आणि चरित्र १९४५ मध्ये बाहेर आलं.

रॅकमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या चोवीस केबल शेजारी शेजारी असतात. चुकीची उपटली तर कुणाचा जीव जात नसेल, पण हॉस्पिटलच्या किंवा रेल्वेच्या नेटवर्कवर कामाला लागाल तेव्हा तेही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा दोन्ही टोकांना लेबल लावा, काढण्याआधी ते मोठ्याने वाचा, आणि नवी केबल लावण्याआधी सिंगल मोड की मल्टीमोड हे पाहा. घाई असेल तर दोनदा वाचा. घाईतच तर चुका होतात!